ओढ्यावर चतुर भरपूर आहेत म्हणजे पाणी चांगलं आहे असं म्हणता येतं का?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. मी आजरा तालुक्यातला, नोकरी पुण्यात, पण आई-आण्णा गावीच असल्यामुळं पंधरवड्याला एक चक्कर होतेच. आमच्या घरामागून एक ओढा जातो, पुढं तो हिरण्यकेशीला मिळतो. वरच्या अंगाला देवराई आहे, तिथं भर दुपारीसुद्धा पाण्यावर सावली असते, मग ओढा गावाजवळून येतो, पुलाखाली धुणं-भांडी, गाड्या धुणं चालतं, आणि पुलाच्या पुढं, खालच्या अंगाला एका पोल्ट्रीचं पाणी सोडलेलं आहे.

आता विषय असा की ओढ्याचं खोलीकरण-रुंदीकरण करायचं घाटतंय. ग्रामसभेत मी म्हटलं की आधी पाणी कशानं बिघडतंय ते बघूया, तर एक जाणते काका उठून म्हणाले, "अरे पुलाखाली जाऊन बघ चतुर किती आहेत ते, थवेच्या थवे असतात, पाणी खराब असतं तर ते आले असते का?" मला तिथं काही बोलता आलं नाही. कारण चतुर आणि त्यांच्याच जातकुळीतल्या बारीक अंगाच्या टाचण्या पाण्याच्या तब्येतीची खूण असतात हे मीही कुठंकुठं वाचलेलं आहे, म्हणजे काकांचं म्हणणं बरोबरच धरायचं का?

मागच्या रविवारी नीट बघितलं ते सांगतो. पुलाखाली सगळ्यात जास्त एक नारिंगी चतुर आहे, अंगही नारिंगी आणि पंखांवरसुद्धा नारिंगी पट्टा, काठाच्या गवताच्या शेंड्यावर बसतो, हाताच्या अंतरावर गेलं तरी उडत नाही. दुसरा हिरवट-पिवळा, त्यावर काळे पट्टे, शेपूट मधेच बारीक झालेली. आणि वर शेतावर पिवळसर चतुरांचा मोठा घोळका होता, एकही बसत नव्हता, सगळे सारखे घिरट्या घालत होते. देवराईत मात्र जेमतेम पाच-सहा दिसले पण ते एकदम वेगळे. एक काळी आखूड टाचणी पाण्याच्या मधल्या दगडावर बसलेली, उन्हाचा कवडसा पडला की पंख तांब्यासारखे चमकत होते, पाठीवर लालगुलाबी खूण. दुसरी लांब, पंख मिटलेले असताना तपकिरी, पण उडाली की मागचे पंख असे हिरवे-निळे झळकले की मोराची आठवण व्हावी.

म्हणजे खाली शेकड्यानं आणि वर पाच-सहा. यातून काय समजायचं? ग्रामसभा परत होणार आहे, तेव्हा नीट बोलता यावं म्हणून विचारतोय.

---

सडा_आणि_पाऊस

तुमचं निरीक्षण फार छान आहे, उत्तर तर तुमच्या पोस्टमध्येच आलंय. किती चतुर आहेत हा प्रश्न बाजूला ठेवा, कोणते आहेत ते बघा.

पुलाखालचा नारिंगी म्हणजे ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. इंग्रजीत डिच ज्युएल म्हणतात, म्हणजे गटारावरचा दागिना. शहरातले नाले, सांडपाणी येणारे तलाव, जलपर्णीनं भरलेली डबकी, जिथं बाकीचे टिकत नाहीत तिथं हा गर्दीनं असतो. चांगल्या तळ्यावरही दिसतो, त्यामुळं एखादा दिसला म्हणून पाणी घाण असं मी म्हणणार नाही, पण एखाद्या जागी तो शेकड्यानं आहे आणि त्याच्या जोडीला फारसं कोणी नाही, तर त्या पाण्यात काहीतरी कुजतंय असं समजा. काकांनी जी गर्दी चांगल्या पाण्याचा पुरावा म्हणून दाखवली ती नेमकी उलट बाजूची साक्ष आहे.

हिरवट-पिवळा काळ्या पट्ट्यांचा तो ऑर्थेट्रम सबिना, कुठंही राहणारा, दांडगा शिकारी, दुसरे चतुर धरून खातो. त्याच्यावरून पाण्याबद्दल काहीच ठरवता येत नाही.

शेतावर घिरट्या घालणारा पिवळसर घोळका म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स, आणि तो तर तुमच्या ओढ्याचा असेलच असं नाही! हा पावसाच्या डबक्यात वाढतो, अळीपासून पंख फुटेपर्यंत दीड-दोन महिन्यांत सगळं उरकतं, आणि पाऊस सरला की वाऱ्यावर स्वार होऊन निघतो. मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन नावाचे सागरी जीवशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं बघत होते की दर ऑक्टोबरला तिथं हे चतुर लाखोंनी येतात, आणि त्या बेटांवर तर गोडं पाणी जवळजवळ नाहीच, मग हे जन्मतात कुठं? २००९ मध्ये त्यांनी मांडलं की हे भारतातून समुद्र ओलांडून येतात आणि पुढं पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, तिथल्या पावसात त्यांची पुढची पिढी वाढते आणि मग ती परत इकडं येते. तुमच्या बांधावर दिसलेला घोळका त्याच वाटेवरचा असू शकतो. अशा वाटसरूवरून ओढ्याची परीक्षा कशी करणार.

आता देवराईतल्या दोन. तांब्यासारखे पंख आणि पाठीवर लालगुलाबी खूण म्हणजे हेलिओसिफा बिसिग्नाटा, स्ट्रीम रूबी, आम्ही आपापसात माणिक टाचणी म्हणतो. ही फक्त आपल्या द्वीपकल्पात सापडते, जगात दुसरीकडं नाही. हिरव्या-निळ्या पंखांची ती न्यूरोबेसिस चायनेन्सिस. दोघींना वाहतं, स्वच्छ, दगडगोट्यांचं पाणी लागतं. अशा पाच-सहा जरी कायम दिसत असतील तरी माझ्या मते त्यांची किंमत पुलाखालच्या हजारांपेक्षा जास्त आहे.

---

मोहोळ

वा, माहिती आवडली. मी सोपं लक्षात ठेवलंय की टाचण्या नाजूक असतात, त्या दिसल्या की पाणी चांगलं आणि नुसते चतुर दिसले की तेवढं चांगलं नाही. हे बरोबर ना?

---

सडा_आणि_पाऊस

नाही, तसं सरसकट नको. इश्नुरा सेनेगालेन्सिस नावाची छोटी टाचणी नाल्यांच्या काठीसुद्धा आरामात राहते, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका असतो, तुमच्या शहरातल्या एखाद्या तळ्यावर नक्की असेल. आणि उलट बाजूनं बघा, काही मोठे चतुर डोंगरातल्या झऱ्यांशिवाय कुठंच वाढत नाहीत.

पण तुमच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे. जंगलातल्या सावलीच्या टाचण्या अंगानं इतक्या बारीक असतात की त्यांचं शरीर भोवतालच्या हवेइतकंच गरम किंवा गार होतं, त्यांना ऊन सोसत नाही. मोठे चतुर उलट उन्हात बसून अंग तापवून घेतात. म्हणून काठची झाडं तोडली की सावलीच्या टाचण्या जातात आणि उन्हातले चतुर येतात. ब्राझीलमध्ये अॅमेझॉनच्या छोट्या ओढ्यांवर टाचण्या आणि चतुर यांच्या याच गुणोत्तरावरून काठचं जंगल किती शाबूत आहे ते मोजतात.

इथं फसगत कशी होते बघा, झाडं तोडल्यावर पहिल्या वर्षी चतुरांची संख्या वाढू शकते! लाल, निळे, डोळ्यात भरणारे चतुर येतात, लोक म्हणतात बघा किती सुंदर झालंय, आणि सह्याद्रीबाहेर कुठंच नसलेल्या टाचण्या गुपचूप गेलेल्या असतात.

---

बाटली_नमुना

मी पाणी तपासणीच्या कामात आहे, त्यामुळं या बाजूनं थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बाटलीत नमुना घेतो तो त्या क्षणाचा असतो. पोल्ट्रीवाल्यानं रात्री पाणी सोडलं आणि मी सकाळी अकराला नमुना घेतला तर ते निघूनही गेलेलं असतं. पण चतुराची अळी त्या पाण्यात महिनोनमहिने असते, काही जातींची तर वर्षभर आणि थंड मुलखात काहींची चार-पाच वर्षंसुद्धा. ती पळून जाऊ शकत नाही. रात्री सोडलेलं पाणी तिच्या अंगावरून जातं, उन्हाळ्यात प्रवाह आटतो तेव्हा ऑक्सिजन उतरतो तोही तिलाच सोसावा लागतो. म्हणून ती जगली-वाचली आणि पंख फुटून बाहेर आली याचा अर्थ एवढे महिने तिथलं पाणी तिच्यापुरतं तरी बरं होतं.

अळी कधी बघितली नसेल तर एकदा जरूर बघा. काठाच्या पाण्यातला पाला पांढऱ्या ट्रेमध्ये घ्या आणि दोन मिनिटं गप्प बसा, आधी काहीच दिसत नाही, मग एक काडी हलते. टाचणीच्या अळीला मागं पानासारखे तीन कल्ले असतात, नीट बघितलं तर आतल्या श्वासनळ्यांच्या रेषा दिसतात. चतुराची अळी जाडजूड, तिचे कल्ले पोटाच्या आत मागच्या टोकाला, तिथून पाणी आत घेते आणि बाहेर सोडते, घाबरली की तेच पाणी जोरात मागं सोडून पुढं उसळते. तिचा खालचा ओठ तोंडाखाली घडी घालून ठेवलेला असतो आणि भक्ष्य जवळ आलं की तो चिमट्यासारखा पुढं येऊन झेप घेतो, इतका पटकन की डासाची अळी होती आणि नाही एवढंच आपल्याला कळतं.

आता गाळाचं. वाहत्या ओढ्यातल्या बऱ्याच अळ्या दगडाखाली आणि गोट्यांच्या फटीत राहतात. वरून माती आली, काठ ढासळला की त्या फटी बुजतात. पाणी बाटलीत घेतलं तर निर्मळ दिसेल, रिपोर्टही चांगला येईल, पण राहायला घरच उरलेलं नसतं. हे माझी बाटली सांगू शकत नाही, टाचणी सांगते.

दोन गोष्टी मात्र ग्रामसभेत बोलताना जपा. एक म्हणजे पाणी पिण्यायोग्य आहे का, हे चतुरांवरून ठरत नाही. जुलाबाचे जंतू असलेल्या पाण्यातसुद्धा अळी मजेत वाढेल, त्यासाठी तपासणीच हवी. दुसरं, उडणारा चतुर कुठूनही येतो. तो तिथंच जन्मलाय का, हे बघायचं असेल तर कात शोधा. अळी शेवटच्या वेळी पाण्याबाहेर येते, दगडाला किंवा गवताच्या काडीला घट्ट धरते, पाठ उकलते आणि चतुर बाहेर पडतो, रिकामी कात तिथंच चिकटून राहते. कात सापडली म्हणजे ते पाणी त्याचं जन्मगाव.

---

भातखाचर

मी चंदगडकडचा, शेती करतो. आमच्या खाचरात पूर्वी एक काळ्या-पांढऱ्या पंखांचा चतुर असायचा, फुलपाखरासारखा हळू उडायचा, लावणीनंतर बांधावरून चाललं की दोन्ही बाजूंनी उठायचे. आता तेवढे दिसत नाहीत. तरव्याला आणि नंतर दाणेदार औषध टाकायला लागल्यापासून कमी झाले असं माझं आपलं मत आहे, मी काही मोजलेलं नाही. औषध पाण्यातून शेवटी ओढ्यालाच जाणार ना? फक्त पोल्ट्रीला धरून चालणार नाही, आम्ही शेतकऱ्यांनीपण बघायला पाहिजे.

---

सडा_आणि_पाऊस

तुमचा तो न्यूरोथेमिस टुलिया, भातखाचरातलाच. तुमची शंका अगदी रास्त आहे. जपानमध्ये भातशेतीवरचे लाल चतुर, ज्यांना ते आकाटोंबो म्हणतात आणि ज्यांच्यावर तिथली मुलं गाणी म्हणतात, ते १९९० च्या दशकापासून झपाट्यानं कमी झाले, आणि रोपांच्या ट्रेमध्येच घालायच्या फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांचा त्यात मोठा वाटा असल्याचं तिथल्या अभ्यासकांनी दाखवलंय. वाईट याचं वाटतं की जो खाचरातले किडे खातो तोच आधी मरतो.

ओढ्याकाठचा, ग्रामसभेसाठी तुम्हाला एक उदाहरण देतो. दक्षिण आफ्रिकेत चतुरांवरून नदीची तब्येत मोजायची पक्की पद्धत आहे. प्रत्येक जातीला ० ते ९ गुण. ती किती मोठ्या प्रदेशात सापडते, तिला किती धोका आहे आणि जागा बिघडली तर ती किती लवकर जाते, या तिन्हींना प्रत्येकी ० ते ३. कुठंही राहणाऱ्याला शून्य, एखाद्याच डोंगरझऱ्यावर तग धरणाऱ्याला नऊ. मग एका जागच्या सगळ्या जातींच्या गुणांची सरासरी काढायची. तिथं नद्यांच्या काठी बाहेरून आणलेल्या बाभळीच्या जातींनी दाट सावली केली होती, ती झाडं काढल्यावर गेलेले स्थानिक चतुर परत आले, हेही याच मोजणीतून दिसलं. तिथं सावली काढणं बरोबर होतं आणि आपल्या देवराईत सावली राखणं बरोबर आहे, कारण त्या त्या ठिकाणचे चतुर ज्या काठाला सवकलेले आहेत तो काठ महत्त्वाचा.

आपल्याकडं अशी गुणांची पक्की यादी सगळीकडं वापरात नाही, पण तुम्ही ओढ्याचे तीन तुकडे करा, देवराई, पुलाच्या वर आणि पोल्ट्रीच्या खाली. प्रत्येक ठिकाणी शंभर पावलं, ऊन असलेल्या दिवशी साधारण दहा ते एकच्या मधे, सावकाश चालत. जाती लिहा, जोडीनं उडणारे आणि अंडी घालणारे वेगळे लिहा, काती वेगळ्या मोजा. पुढच्या वेळी तीच जागा, तीच वेळ. नाव माहीत नसेल तर फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, पकडू नका. सिमेंटच्या टाकीवर किंवा विहिरीच्या कठड्यावर दगडी रंगाचा चतुर दिसला तर तो या हिशोबात धरू नका, तो टाक्यांतसुद्धा वाढतो.

आणि तुमचा ओढा साधा समजू नका. हिरण्यकेशीच्या उगमाशी आंबोलीत २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी हा नवा मासा जगासमोर आला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात तर २०१९ मध्ये शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स ही नवीन टाचणी नोंदवली, २०२० मध्ये कोकणातूनच ब्रॅडिनोपायगा कोकणेन्सिस हा नवा चतुर. २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेनं पहिल्यांदाच जगातल्या सगळ्या चतुर-टाचण्यांचा आढावा घेतला, ६,०१६ जाती तपासल्या आणि १६ टक्के धोक्यात निघाल्या. आपल्या भागात अजून नवीन सापडतायत आणि त्याच वेळी ओढे सरळ नाल्यासारखे खोदले जातायत, याचा मला मनापासून त्रास होतो.

---

मोहोळ

खोलीकरण म्हणजे वाईटच असं नाही ना पण? आमच्याकडं मराठवाड्यात त्यानं विहिरींना पाणी टिकलंय.

---

बाटली_नमुना

टिकलंय ते खरंच आहे आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला मी काय सांगणार. पण काळ्या मातीच्या सपाट मुलखातला गाळानं भरलेला नाला आणि आजऱ्याच्या डोंगरातला दगडी ओढा एकसारखा खोदून चालत नाही. डोंगरातल्या ओढ्यात डोह, मग खळखळ, मग परत डोह अशी रचना असते. खळखळीत पाण्यात हवा मिसळते, डोहात उन्हाळ्यात जीव टिकतात. जेसीबीनं तळ एकसारखा केला की दोन्ही जातं, काठची मुळं उपटली की पहिल्या पावसात काठ आत येतो आणि दोन वर्षांत परत गाळ. मागणी करायची तर अशी करा की जिथं खरोखर गाळ साठलाय, म्हणजे बंधाऱ्याच्या मागं वगैरे, तेवढाच काढा, दगडी भागाला आणि काठच्या झाडांना हात लावू नका. पाणीही मिळेल आणि ओढाही राहील.

---

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणं दोन पंधरवडे मोजणी केली, आण्णाही बरोबर होते, आता त्यांनाच जास्त नाद लागलाय.

पोल्ट्रीच्या खाली दोन्ही वेळा फक्त चारच जाती, त्यात नारिंगी इतके की मोजणं सोडून दिलं. दगड उचलला तर खाली काळपट बुळबुळीत थर आणि वास. पुलाच्या वर नऊ जाती. देवराईत चौदा, आणि त्यातल्या सहा खाली कुठंच नाहीत. एक तर इतकी बारीक आणि लांब टाचणी होती की ओल्या काठावर लोंबणारं मूळ समजून मी पुढं गेलो, आण्णांनी हाक मारून दाखवली. फोटो टाकलाय, ओळख पटायची आहे.

कातीपण सापडल्या. देवराईत खळखळीच्या दगडांवर अकरा. आणि दुसऱ्या वेळी सकाळी साडेआठच्या सुमारास एक अळी दगडावर चढलेली मिळाली, आम्ही तिथंच बसलो. पाठ उकलली, आधी डोकं-छाती बाहेर आली, मग ती तशीच थोडा वेळ निपचित, आम्हाला वाटलं मेली. मग एकदम पुढं वाकून दगड धरला आणि शेपूट ओढून घेतली. पंख चुरगळलेल्या कागदासारखे होते ते हळूहळू सरळ झाले, रंग काहीच नव्हता, नुसते दुधी. तासाभरानं कवडसा आला तसा तिनं झाडावर झेप घेतली. आण्णा सत्तरीचे आहेत, जन्म या ओढ्यावर गेला, म्हणाले हे कधी बघितलं नव्हतं.

पोल्ट्रीवाले आमच्या भावकीतलेच आहेत. त्यांना यादी दाखवली, भांडण नको म्हणून पोल्ट्रीच्या पाण्याचं नाव न काढता नुसतं खालचं आणि वरचं पाणी दोन बाटल्यांत भरून नेलं होतं. ते बघून तेच म्हणाले की आधी खड्ड्यात मुरवून मग सोडतो, बघू किती होतंय. भातखाचर, तुमचं औषधाचं म्हणणं मी बचत गटाच्या बैठकीत काढणार आहे, आईच बोलेल, तिचं ऐकतात.

एक राहिलं. पुलाच्या थोडं वर एक जुनी जांभूळ आहे, अर्धी मुळं पाण्यात. रुंदीकरणात जाणाऱ्या झाडांवर चुन्यानं फुल्या मारल्यात, त्यात तीही आहे. काल त्याच मुळांवर हिरव्या-निळ्याची मादी बसली आणि अंडी घालता घालता पूर्ण पाण्याखाली गेली, मी घड्याळ लावून बघितलं तर चांगली बारा मिनिटं आत होती, नर वर दगडावर बसून पंख उघडमीट करत होता. एकाच फोटोत मुळावरची मादी आणि खोडावरची चुन्याची फुली आलीय. तो मोठा छापून ग्रामसभेत नेतोय.